एक की चार

आइला पूरुनेनला कुणी विचारलं, की बाई गं, तू करतेस तरी काय, तर ती म्हणायची, "खिडकीवर बसते." ऐकणाऱ्याला वाटायचं पोस्टात असेल. ती समजूत तिने कधी दुरुस्त केली नाही. खरं सांगायला बसलं तर कपातली कॉफी निवून जायची.

पण इथे सांगायला हवं. संगणकाच्या पोटात एक गाभा असतो. बाहेरच्या प्रोग्रामांना त्याच्याकडून काही करून घ्यायचं असलं, म्हणजे रेडिओ चालू करायचा, अमुक क्रमांकाच्या वाहिनीवर न्यायचा, तर त्यांनी गाभ्याच्या खिडकीशी जाऊन अर्ज द्यायचा. अर्जात रकाने असतात. अर्ज कसा भरायचा त्याचा नमुना खिडकीच्या बाहेर चिकटवलेला असतो, आणि आतल्या बाजूला, आलेला अर्ज ताडून बघायला, एक तक्ता टांगलेला असतो. लांबी घरांत मोजायची: पहिला रकाना इतक्या घरांचा, दुसरा तितक्या. लांबी जुळली नाही तर गाभा अर्ज घेतो खरा, पण नोंदवहीत एक ओळ खरडून ठेवतो: अमक्या प्रोग्रामच्या तिसऱ्या रकान्याची लांबी चुकीची. हा इशारा. काम थांबत नाही, फक्त ज्याचा प्रोग्राम त्याची नाचक्की होते.

असे तक्ते पुष्कळ आहेत. त्यांतला एक, रानात-पाण्यात ठेवतात त्या लहान मोजयंत्रांच्या रेडिओचा, एकोणीस वर्षं आइलाच्या नावावर होता. पगार त्याचा नव्हता. पगार ती उत्तरेकडच्या औलू शहरातल्या एका लहान कंपनीत निराळ्याच कामाचा घेई. तक्ता ती सांभाळायची ती शेजारीण गावाला गेल्यावर तिच्या कुंड्यांना पाणी घालावं तशी, फक्त ही शेजारीण काही परत येणारी नव्हती.

आइला मूळची पुदासयार्वी गावची. तिची आई तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जोडण्या करून द्यायची. जोडणी भलतीकडे लागली, पलीकडचा माणूस करवादला, की आई ओठ मिटून आधी समोरच्या बोर्डावरच्या दोऱ्या बघायची. "बोलणारा चुकलेला नसतो," ती म्हणायची. "आधी आपला बोर्ड बघावा." आइलाने लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणारी माणसं एकेक करून गेली, मग तो विषयच राहिला नाही. रविवारी सॉना, बुधवारी गायनमंडळ, आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर खिडकी.

वेसा मोइलानेन तिचा जुना सहकारी. मोठ्या टेलिफोन कंपनीत दोघांची टेबलं समोरासमोर होती. हिवाळ्यात तो ओले मोजे खोलीतल्या हीटरवर वाळत घालायचा आणि ती म्हणायची, "मोइलानेन, इथे माणसं बसतात." तो म्हणायचा, "पूरुनेन, मोजे पण माणसाचेच आहेत." आठ वर्षं हा संवाद फारसा बदलला नाही. कंपनी आटायला लागली तेव्हा एकाच बुधवारी दोघांना कामावरून कमी केल्याची पत्रं मिळाली. वेसा पाल्तामोला, तळ्याकाठच्या आपल्या घरी परतला आणि त्याने गोठलेल्या तळ्यांवरच्या बर्फाची जाडी मोजणारे खांब बसवायचं काम सुरू केलं. त्या खांबांच्या रेडिओसाठी त्याने प्रोग्राम लिहिला. तो प्रोग्राम आइलाच्याच खिडकीवर अर्ज द्यायचा. एका वीज कंपनीने तो घेतला, आणि वेसाने तो सगळ्यांसाठी खुलाही ठेवला, म्हणून हळूहळू इतर देशांतही त्याच्या प्रती गेल्या.

अकरा वर्षांपूर्वी गाभ्याची नवी आवृत्ती आली. तोवर तक्ता ढिलाईने बघितला जाई, आता काटेकोर ताडला जाऊ लागला आणि वेसाच्या प्रोग्रामच्या नावाने इशारे यायला लागले. त्याने यादीवर पत्र लिहिलं. यादी म्हणजे या लोकांची ईमेलच्या टपालाची चावडी. तिथलं पत्र जगातलं कुणीही वाचू शकतं आणि लिहिलेलं पुसता येत नाही. पत्र लांबलचक होतं. आइलाला त्या सकाळी वीस पत्रांना उत्तरं द्यायची होती. तिने लिहिलं:

'खिडकी बरोबर आहे. तुमचा प्रोग्राम चुकतो आहे. तिसऱ्या रकान्यात एकच घर पाठवा.'

'तुमचा' हे यादीच्या रीतीने. वेसाने एका शब्दाचं उत्तर दिलं: 'बरं.' त्यानंतर त्याचं यादीवर पत्र आलं नाही. आइलाला वाटलं, मिटलं.

या वर्षी सप्टेंबरात पोर्तुगालहून एका मिठागरवाल्याचं पत्र आलं. त्याच्याकडे वेसाच्या प्रोग्रामची फार जुनी प्रत होती आणि त्याहून जुनं यंत्र. इशारे तर येतच होते, शिवाय वाहिनी कुठलीही मागा, मिळायची शून्यच. त्याचं कारण आइलाला वाचताक्षणी कळलं. चार घरांत सात हा आकडा भरायचा तर काही यंत्रं सात पहिल्या घरात घालतात आणि पुढे तीन शून्यं. काही यंत्रं आधी तीन शून्यं आणि शेवटच्या घरात सात. तक्ता एकच घर बघत असला तर पहिल्या जातीला सात मिळतो, दुसऱ्या जातीला शून्य. पहिल्या जातीची यंत्रंच जिकडेतिकडे, म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं.

'खिडकी बरोबर आहे,' असं तिने टाइप केलं. मग वाटलं, हे आपण पूर्वी कुणाला तरी लिहिलंय, तेच उचलावं. तिने जुनं टपाल चाळलं, वेसाचं पत्र सापडलं, आणि तिने ते पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. शेवटची ओळ अशी होती: 'बाहेरच्या नमुन्यात तिसऱ्या रकान्याला चार घरं लिहिली आहेत, मी तशीच भरली. तेवढं एकदा बघशील का?'

तिने बघितलं. नमुन्यात चार होती. आतल्या तक्त्यात एक.

कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते दाखवणारी एक आज्ञा या लोकांकडे असते. तिचं नावच 'दोष' आहे. ते नाव ठेवणाऱ्याने गंमत केली असणार. आइलाने ती दोन्ही ओळींवर चालवली. चारपुढे नाव आलं, आइला पूरुनेन. एकपुढे नाव आलं, आइला पूरुनेन. मध्ये एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांत काय झालं होतं, हे तिला आठवेना. बहुतेक काहीच झालं नव्हतं.

वेसाच्या जुन्या पत्त्यावर तिने लिहिलेलं पत्र लगेच उलट आलं, तो पत्ता ज्या कंपनीचा, ती कधीच बंद झाली होती. तिने त्याच्या घरी फोन लावला.

"मोइलानेन," बाईचा आवाज आला.

"मी आइला पूरुनेन, औलूहून. वेसा आहे का?"

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज. मग, "तुम्ही त्या यादीवरच्या ना?"

ही मेर्या, वेसाची बायको. तिकडे डॉक्टरलासुद्धा 'अगं, तू' म्हणायची पद्धत आहे. 'तुम्ही' म्हणतात ते माणसाला ओसरीवरच थांबवायचं असलं की.

"हो," आइला म्हणाली.

"आहे तो. सकाळी दहा ते बारा बोलतो. मे महिन्यात स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. आता घरीच ठेवायचं म्हणालेत. यायचं असेल तर लांबवू नका."

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ती दीडशे किलोमीटर गाडी चालवत गेली. शेजारच्या सीटवर कॉफीचा पुडा आणि एक छापलेला कागद. कागदावर दुरुस्ती होती. हे लोक दुरुस्तीला ठिगळ म्हणतात. ठिगळाच्या वर चार ओळींत लिहायचं असतं काय मोडलं होतं ते, आणि खाली नावं: कुणी कळवलं, कुणी तपासलं, आणि हे ठिगळ कुणाची कुठली जुनी चूक सांधतंय.

मेर्याने पुडा घेतला, "कशाला उगाच," म्हणाली आणि आत बोट दाखवलं.

वेसाचा पलंग खिडकीशी लावला होता, तळं दिसेल असा. गोधडीबाहेर लोकरी मोजे.

"पूरुनेन," तो म्हणाला, "म्हातारी झालीस."

"तू आरशात बघितलंस का?"

"मेर्याने काढून ठेवलाय." तो हसला, मग दम लागला म्हणून थांबला. "मोज्यांना बोलायला आली असशील."

तिने कागद दिला. त्याने चष्मा लावला, उशीखालून पेन्सिल काढली. पेन्सिल तो अजून हाताशी ठेवतो, हे तिने पाहिलं. पहिला परिच्छेद वाचून त्याने वर बघितलं.

"हे काय?"

"माफी आहे."

"ठिगळात?" त्याने परिच्छेदावर आडवी रेघ मारली. "काय मोडलं, का मोडलं, कसं सांधलं. ठिगळात माफी घालत नाहीत, बाई. उद्या एखाद्या ब्राझीलवाल्याला हे वाचायचंय, त्याला तुझ्या माफीचं काय?"

"मग मागू कुठे?"

"मी समोर आहे की."

तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग म्हणाली, "मी तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, मोइलानेन. माझं चुकलं."

वेसाने तळ्याकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वीचाच शब्द. पण तेव्हा तो तिने नुसता वाचला होता.

"मग तू परत का नाही लिहिलंस? नमुना तुझ्यासमोर होता."

"तू पूरुनेन होतीस ना. म्हटलं, हिने बघितलंय म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

मेर्या ट्रे घेऊन आली होती. कॉफी, भाजक्या चीजचे तुकडे, वर पिवळ्या बोरांचा मुरंबा. ट्रे ठेवता ठेवता, आवाज न चढवता ती म्हणाली, "वीज कंपनीच्या माणसाने तुमचं ते उत्तर छापून टेबलावर ठेवलं होतं. औलूच्या बाईच म्हणतात तुमचा प्रोग्राम चुकतो, म्हणाला. पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला गेलं. मग हा नऊ वर्षं शाळेची टॅक्सी चालवत होता."

"पोरं चांगली होती गं," वेसा म्हणाला.

"पोरं चांगलीच होती. मी पोरांना कुठे काय म्हणतेय?" आणि ती आत गेली.

आइलाने कॉफीचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. आपल्या तीन वाक्यांना इतके पाय असतील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

वेसा पुन्हा कागदात शिरला होता. तिने पाहिलं, त्याचा चेहरा पूर्वीसारखा झाला होता, टेबलापलीकडून दिसायचा तसा. पेन्सिलीचं टोक एका ओळीवर थांबलं.

"यात चूक आहे."

"कुठे?"

"तक्त्यात एक होतं ते तू चार केलंस. नमुन्याशी जुळलं, ठीक. पण तू सांगितलंस म्हणून मी एक पाठवायला लागलो त्याचं काय? माझं बघून इतरांनी तेच उचललं. तुझ्या कागदातल्या त्या मिठागरवाल्यासारखे जुनी प्रत वापरणारे थोडे सोडले तर आज सगळे एकच पाठवतात. तू चारच घेईन म्हणालीस की एका रात्रीत सगळे बंद."

आइलाने ती ओळ पुन्हा वाचली. या लोकांचा एक नेम आहे, बाकी सगळे नेम त्याच्या खाली येतात: चालता प्रोग्राम मोडायचा नाही. चूक तुमची असो नाहीतर त्याची, ज्याचं चालतंय त्याचं चालू राहिलं पाहिजे. तिचं चुकीचं उत्तर आता नुसतं चुकीचं राहिलं नव्हतं. त्यावर लोकांनी संसार थाटले होते.

"म्हणजे दोन्ही घ्यायची," ती हळू म्हणाली. "एक घर आलं तर एक, चार आली तर चार."

"कायमचं."

"कुरूप दिसेल रे."

"दिसू दे. विचारलं कुणी, तर सांग इथे एकदा असं झालं होतं."

तिने नावाचं विचारलं. कळवणारा म्हणून तुझं नाव घालू का? माणसाला विचारल्याशिवाय घालायचं नसतं.

"कळवणाराही घाल आणि तपासणाराही घाल. तपासलंय मी. चूक काढून दिलीय." त्याने डोळे मिटले. "ईमेलचा पत्ता घरचा दे, मेर्या सांगेल. आणि गाभ्याच्या मुख्य प्रतीत लागलं की मला कळव. एवढं बघायचंय."

निघताना मेर्याने पत्ता कागदावर लिहून दिला. फार तर तळ्यावर बर्फ धरेपर्यंत, असं डॉक्टर म्हणाले होते, तेही सांगितलं.

ठिगळ सोमवारी यादीवर गेलं. ते पुढे घ्यायचं की नाही, हे ब्रेमेनच्या होल्गरच्या हातात. या भागातली सगळी ठिगळं त्याच्याकडून जायची. होल्गर सज्जन आणि सावकाश. तीन दिवसांनी त्याने लिहिलं, दोन लांब्या कशाला, हे ओंगळ दिसतं. आइलाने कारण लिहिलं. त्याने म्हटलं, मग हे कारण तक्त्याशेजारीच लिहा, पुढच्या माणसाला कळेल. तिने दुसरं रूप पाठवलं. त्यावर आठवडाभर इतरांची नजर पडू द्यायची, असा त्याचा शिरस्ता. एकाने एक स्वल्पविराम काढला, म्हणून तिसरं रूप.

रोज सकाळी दहाला ती पाल्तामोला फोन करी. मेर्या फोन वेसाच्या कानाशी धरायची.

"घेतलं?"

"अजून नाही."

"होल्गर ना. तो पाव कापायच्या आधी सुरीचीसुद्धा तपासणी करतो."

पुढे पुढे तो फक्त "घेतलं?" एवढंच विचारी. मग मेर्याच त्याच्या वतीने विचारू लागली.

एका सकाळी आइलाने होल्गरला पत्र लिहायला घेतलं. 'यातला एक माणूस फार आजारी आहे, जमल्यास लवकर.' तिने ते वाचलं आणि पुसलं. ठिगळ बरोबर आहे की नाही यावर घ्यायचं, कोण किती दिवसांचा सोबती आहे यावर नाही. त्यातून परक्या माणसावर एक मरण लादायचं, ही तिच्या गावची रीत नव्हती. वेसाही म्हणाला असता, ठिगळात माफी नाही तसं मरणही नाही. असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं. वेसाला मात्र विचारलं नाही.

बर्फ या वर्षी लवकर धरला. मंगळवारी पहाटे वेसा गेला.

गुरुवारी होल्गरचं पत्र यादीवर आलं. 'घेतलं. आभार, आइला. आणि वेसा, अकरा वर्षं धीर धरल्याबद्दल तुमचेही.' खाली रीतीप्रमाणे सगळ्यांचे पत्ते होते, त्यांत वेसाच्या घरचाही.

उत्तर देणं भाग होतं. 'वेसा मोइलानेन मंगळवारी वारले,' तिने लिहिलं. 'त्यांच्या नावाच्या दोन्ही ओळी त्यांना विचारून घातल्या आहेत. तशाच राहू द्याव्यात.'

तासाभराने होल्गरचं पत्र आलं, यादीवर नाही, एकट्या तिला. 'तुम्ही मला सांगायला हवं होतं. दुसऱ्या रूपात खोट नव्हती. मी त्याच दिवशी घेतलं असतं.'

आइला उठली. तिने कॉफीचं भांडं घासलं. घासून झालेलं पुन्हा घासलं. आपण बोर्ड बघितला, दोऱ्या बघितल्या, सगळं रीतीने केलं. फक्त पलीकडे माणूस होता, आणि त्याला दोन शब्द सांगायचे होते. ते याही वेळी राहिले.

डिसेंबरात, दफन होऊन आठवडा झाल्यावर, मेर्याचा फोन आला.

"वेसाच्या नावाने पत्रं येताहेत. कालपासून सहा आली. सगळी सारखीच दिसतात, नुसता एक आकडा बदलतो. मला त्यातलं काही कळत नाही. कुणाची आहेत?"

"कुणाचीच नाहीत. यंत्र पाठवतं ती." आइलाने कसं सांगावं याचा विचार केला. "जुन्या आवृत्त्या वापरणारे लोक असतात. दुरुस्ती चांगली असली तर ती एकेका जुन्या आवृत्तीतही लावतात. लावली की ज्यांची ज्यांची नावं खाली असतात, त्यांना पत्र जातं. अमुक आवृत्तीतही घेतलं म्हणून."

"म्हणजे सहा ठिकाणी लावलं?"

"सहा ठिकाणी."

"म्हणजे त्याचं बरोबर होतं."

"पहिल्यापासून बरोबर होतं, मेर्या."

फोनमध्ये पातेलं सरकल्याचा आवाज आला. मेर्या खुर्ची ओढून बसली असावी.

"सोमवारी हा पत्ता बंद करायचा अर्ज भरणार होते," मेर्या म्हणाली. "फॉर्म आणून ठेवलाय. अजून येतील का गं? तुला काय वाटतं?"

या खेपेला 'तुम्ही' नव्हतं, हे आइलाने ऐकलं.

"एक आवृत्ती राहिलीय," ती म्हणाली. "फार जुनी आहे. तिच्यात लागायला वेळ लागेल. कदाचित लागणारही नाही."

"असू दे," मेर्या म्हणाली. "फॉर्म काही कुठे जात नाही. थांबते मी."